वीस अक्षरांचा मंत्र

आधी अकरा वर्षांचे व्हा. आजचं वय घेऊन तिथं गेलात तर नावं ठेवत बसाल: चित्रं ठोकळ्यांची, चालणं अडखळत, आवाज पिपाणीचे. अकराव्या वर्षी असल्या तक्रारी सुचत नाहीत.

साल १९८६, जूनमधला शनिवार, टोकियोच्या वेशीवरचं दुमजली घर. जपानचा पावसाळा लागलाय. अर्धी शाळा आटोपून तुम्ही घरी आलात, छत्री दारात निथळतेय आणि मैदानात चिखल झाल्यामुळे आज बेसबॉल नाही. आतल्या खोलीत, तातामी चटईवर, घरातल्या एकुलत्या एका टीव्हीपुढे मरून आणि फिकट पांढऱ्या रंगाचं यंत्र आहे. हा निन्तेन्दोचा फॅमिकॉम. कंट्रोलरच्या वायरी यंत्रातूनच निघतात आणि त्या आखूड आहेत, म्हणून पडद्याच्या अगदी पुढ्यात बसावं लागतं. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात टीव्ही गेम खेळलेल्यांना डाव्या अंगठ्याखालची अधिक चिन्हासारखी कळ आणि उजवीकडची दोन गोल बटणं लगेच ओळखू येतील. आपल्याकडे आलेले बरेचसे टीव्ही गेम याच यंत्राच्या नकला होते. पण त्यांच्या कॅसेटांवर मारिओ आणि काँट्रा असायचे. तुमच्या हातातली कॅसेट वेगळी आहे.

ड्रॅगन क्वेस्ट. २७ मेला दुकानात आलेली, किंमत ५,५०० येन. नवीन वर्षाला नातेवाइकांनी पाकिटात घालून दिलेले पैसे तुम्ही जूनपर्यंत राखले ते यासाठीच. डब्यावरचं चित्र कुणाचं हे सांगावं लागत नाही: 'शोनेन जंप' साप्ताहिकात 'ड्रॅगन बॉल' ही चित्रकथा काढणारे तोरियामा अकिरा. गेम लिहिणारे होरी युजीही 'जंप'मध्येच गेमवर सदर लिहितात. एवढ्या भरवशावर पैसे खर्च झालेत. 'रोल प्लेइंग गेम' म्हणजे नेमकं काय, ते अजून तुमच्या वर्गात कुणालाच नीट सांगता येत नाही.

कॅसेट खाचेत बसवा, बटण सरकवा.

आधी येतं संगीत. रणशिंग फुंकल्यासारखी सुरावट आणि तिच्यामागून चाल धरणारं संचलन. ते रचणारे सुगियामा कोइची ५५ वर्षांचे आहेत, जाहिराती आणि गाण्यांच्या धंद्यात मुरलेले. हा गेम काढणाऱ्या एनिक्स कंपनीचा शोगीचा, म्हणजे जपानी बुद्धिबळाचा, गेम खेळून त्यांनी आतलं ग्राहकपत्र भरून पाठवलं आणि त्या पत्रावरून कंपनीने त्यांना गाठलं. पुढे २३ जुलै २०२१ला, टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात, खेळाडूंचं संचलन याच सुरावटीवर सुरू होईल. आत्ता मात्र ती या खोलीत, पावसाच्या आवाजात, टीव्हीच्या एका छोट्या स्पीकरमधून येतेय.

गेम नाव विचारतो. जास्तीत जास्त चार अक्षरं. तुमचं मूळ मराठी नाव बसत नसेल तर कापा.

पडदा बदलतो. समोर सिंहासनावर राजा. तो सांगतो: तू महावीर रोतोचा वंशज, ड्रॅगनांच्या राजाने प्रकाशाचा गोळा पळवलाय, जा आणि त्याला हरव. तुम्ही अंगठा सरसावून बसता. गेल्या सप्टेंबरपासून मारिओने बोटांना एक सवय लावलीय: पडदा लागला की धावायचं, उडी मारायची, चुकलं की मरायचं. इथं कुणीच अंगावर येत नाही. तुम्ही थांबलात की राजाही थांबतो. नवखेपणाचा पहिला धक्का हा. गेम तुमची वाट बघतोय.

बटण दाबलं की काळ्या चौकटीत आठ पर्याय उघडतात: बोला, मंत्र, ताकद, सामान, शोधा, दार, जिना, घ्या. जिन्यावर नुसतं चालून वर-खाली होत नाही, 'जिना' निवडावा लागतो. शिपायाशी बोलायचं तर 'बोला' म्हणून झाल्यावर तो पूर्वेला की पश्चिमेला हेही सांगायचं, कारण या जगात सगळी माणसं कायम तुमच्याकडे तोंड करून उभी असतात आणि बाजूला चालताना खेकड्यासारखी सरकतात.

"दादा, दार लागलंय," मागून धाकटी बहीण म्हणते. ती आठ वर्षांची आहे आणि कधी येऊन बसली ते तुम्हाला कळलेलंच नाही.

दार खरंच बंद आहे. खोलीत तीन पेट्या. पहिलीत १२० सोन्याची नाणी, दुसरीत मशाल, तिसरीत किल्ली. किल्लीने दार, दारातून जिना, जिन्याने खाली. तुम्हाला वाटतं आपण युक्तीने सुटलो. प्रत्यक्षात होरींनी ही खोली मुद्दाम बंद ठेवलीय. बाहेर पडेपर्यंत बोलणं, घेणं, दार उघडणं आणि जिना उतरणं तुमच्याकडून करवून झालेलं असतं. 'जंप' वाचणाऱ्या ज्या पोराने असला गेम कधी पाहिलेला नाही, त्याच्यासाठी ही शिकवणी आहे आणि ती शिकवणी वाटत नाही.

किल्ल्याबाहेर या. हिरवं गवत, टेकड्या, शेजारी गाव. आणि पाण्यापलीकडे, अगदी जवळ, दुसरा किल्ला.

"तो कुणाचा?"

"राक्षसाचा असेल."

बहिणीचा अंदाज बरोबर आहे. ज्याला शेवटी हरवायचं त्याचं घर तुम्हाला पहिल्या पावलालाच दिसतंय, मध्ये फक्त पाण्याचा पट्टा. पण बोट नाही, आणि तो पट्टा ओलांडायला इंद्रधनुष्याचा पूल लागतो. तो मिळेपर्यंत अख्खा देश पालथा घालावा लागणार. दर वेळी किल्ल्यातून बाहेर पडलात की ते घर समोर दिसत राहतं.

गावातल्या दुकानात १२० नाणी फार नाहीत. तांब्याची तलवार १८०ला. बांबूची काठी १०, सोटा ६०, कापडी कपडे २०, कातडी ढाल ९०. तुम्ही दोघं हिशेब मांडता. बहीण म्हणते काठी, कपडे आणि ढाल मिळून बरोबर १२० होतात. तुम्हाला सोटा हवाय. सोटा आणि कपडे घेऊन ४० उरतात, त्यातून २४ची औषधी वनस्पती. महावीराचा वंशज लाकडाचा दांडका घेऊन जग वाचवायला निघतो.

चार पावलांवर पडदा फिरतो आणि एक निळा स्लाइम समोर येतो. होरींनी कागदावर चिखलाच्या गोळ्यासारखं काहीतरी काढून दिलं होतं, तोरियामांनी त्याला थेंबाचा आकार दिला आणि हसतं तोंड दिलं. बहीण टाळी वाजवते. तुम्ही 'लढा' निवडता आणि मग वाचता: वार केला, इतकी इजा झाली, आता त्याची पाळी. बोटांची चपळाई इथं कामाची नाही. सगळी लढाई वाक्यांत घडते. आणि मजकूर सगळा साध्या काना अक्षरांत आहे, अवघड कांजी चित्राक्षर एकही नाही, म्हणून आठ वर्षांची पोरगी तो तुमच्या आधी मोठ्याने वाचून टाकते. मारिओ खेळताना ती कंटाळून निघून जायची. आज हलायचं नाव नाही.

सात स्लाइम मारले की आनंदाची एक छोटी धून वाजते. लेव्हल दोन. ताकद वाढली. तिसऱ्या लेव्हलला जखम भरणारा होइमी मंत्र मिळतो. मारिओत शंभर वेळा मेलात तरी मारिओ होता तसाच राहतो. सुधारायचं ते तुम्ही. इथं ज्याला खेळता येत नाही त्यालाही चिकाटी असेल तर मजबूत होता येतं. वर्गातल्या मंद बोटांच्या मुलांसाठी फॅमिकॉमवर अशी दारं फार उघडलेली नव्हती.

गावातला एकजण सांगतो, पूल ओलांडले की राक्षस जबर होतात. तुम्ही ते वाचता, मान डोलावता आणि पूल ओलांडता. पलीकडे झगा घातलेला मांत्रिक भेटतो. त्याच्या मंत्राची आग दोनदा लागते आणि पडदा लाल होतो. डोळे उघडतात ते राजासमोर. मेलास कसा म्हणून तो झापतो, आणि जमवलेलं निम्मं सोनं गेलेलं असतं. आता त्या गावकऱ्याचं वाक्य बहीण वहीत लिहून घेते. खाली ती किल्ला, गाव आणि पुलाचा नकाशा काढते. पुढच्या पानावर 'कोण काय म्हणालं' असं शीर्षक देते.

ही वही लागणारच आहे. सगळा गेम ६४ किलोबाइटांत कोंबलाय. आज फोनवर आलेला सकाळच्या शुभेच्छांचा एक फोटो याहून जड असतो. जागा वाचवायला कटाकाना लिपीतली वीसेक अक्षरंच ठेवलीत आणि त्यांत बसतील अशीच नावं राक्षसांना दिलीत. कोण काय म्हणालं, कुठं जायचंय, याची यादी ठेवायला जागाच उरलेली नाही. गेम एकदा सांगतो. लक्षात ठेवणं तुमच्याकडे.

रोतोच्या गुहेत शिरलात की काळोख. मशाल पेटवली तरी भोवतीचा एकेक चौकोनच दिसतो. जिना उतरला की तीच धून आणखी खालच्या सुरात आणि आणखी संथ वाजते. बहीण तुमच्या दंडाला धरून बसते. स्वयंपाकघरातून भाताची वाफ येते आणि आई म्हणते, "सात वाजत आलेत. बाबा आले की टीव्ही त्यांना."

साताला जायंट्स संघाचा बेसबॉल सामना. आणि इथं तुम्हाला कळतं की बंद करायचं म्हणजे काय. कॅसेटमध्ये बॅटरी नाही. वीज गेली की तिच्या दृष्टीने तुम्ही कधी नव्हताच. खेळ उद्यावर न्यायचा तर एकच वाट आहे: राजाकडे परत जायचं आणि त्याच्याकडून पुनरुज्जीवनाचा मंत्र घ्यायचा. गुहेतून वर या, गवत तुडवा, वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक स्लाइमला चुकवा. दारात चपला काढल्याचा आवाज येतो तेव्हा तुम्ही सिंहासनाच्या खोलीत पोचलेले असता.

राजा वीस अक्षरं सांगतो. पाच, सात, पाच, तीन अशी मांडलेली; पहिले तीन गट हायकूच्या मापाचे, अर्थ मात्र शून्य. त्यांत तुमचं नाव आहे, अनुभव आहे, सोनं आहे, सोटा आहे. बाबा मागे उभे राहून टाय सोडतायत. "झालं का?" "एक मिनिट, बाबा." तुम्ही वाचता, बहीण लिहिते. पटकन.

रविवारी सकाळी यंत्र चालू करून तुम्ही तो मंत्र एकेक अक्षर शोधत भरता. उत्तर येतं: मंत्र चुकला.

पुन्हा भरता. चुकला. जुन्या टीव्हीवर 'नू' आणि 'मे' जुळ्या भावंडांसारखी दिसतात. 'ने', 'रे' आणि 'वा'ही एकमेकांच्या वळणाची. 'का'ला दोन टिंबं दिली की 'गा', आणि ती टिंबं धूसर पडद्यावर दिसली तर दिसली. मंत्रात ताळा तपासायची सोय आहे, त्यामुळे एकही अक्षर चुकलं तर दार उघडत नाही. तुम्ही 'नू'च्या जागी 'मे' घालून बघता, टिंबं घालता, काढता. बहिणीच्या डोळ्यांत पाणी. "मी बरोबर लिहिलं होतं," ती म्हणते. असेलही. तुम्ही चुकीचं वाचलं असेल.

दुपारी नव्याने सुरुवात. तोच राजा, तीच बंद खोली, त्याच तीन पेट्या. या वेळी काठी, कपडे आणि ढाल, बहिणीच्या हिशेबाने. पुलाकडे फिरकायचं नाही. तिसऱ्या लेव्हलपर्यंत गावाच्या आसपास राहायचं, मशाल गुहेसाठी राखायची. नकाशा मांडीवर उघडा आहे. शनिवारची अख्खी दुपार ज्याला लागली ते जेवणानंतरच्या पहिल्या तासात उरकतं आणि मांत्रिक भेटतो तेव्हा होइमी तयार असतो. मंत्र गेला तो पडद्यावरच्या वीराचा. तुमची लेव्हल कुणी काढून घेतलेली नाही. आजचा मंत्र दोघं दोनदा लिहिता, दोन वेगळ्या कागदांवर, आणि एकमेकांना वाचून दाखवता.

सुरुवातीला हा गेम दुकानांत रेंगाळला. मग 'जंप'ची पानं आणि वर्गातल्या कुजबुजीने तो उचलला आणि अखेर जपानात १५ लाखांवर प्रती गेल्या. त्या कुजबुजीत सोमवारी तुमचाही वाटा पडतो. जेवणाच्या सुट्टीत मागच्या बाकावरचा मुलगा वैतागून सांगतो की त्याने काल कॅसेट आणली आणि राजाच्या खोलीतून बाहेरच पडता येत नाहीये.

"तिन्ही पेट्या उघड. एकीत किल्ली आहे."

तो दप्तरातून वही काढतो आणि लिहून घेतो.

"आणि पूल लगेच ओलांडू नकोस. पलीकडचे जबर असतात."

तो मान डोलावतो. तुमच्या लक्षात येतं की संध्याकाळी तो पूल ओलांडणार.