कंबर धरली? अंथरूण धरू नका, हळूहळू चालते व्हा

खुरपणी, कापूस वेचणी, ऊसतोड ही सगळी वाकून करायची कामं. त्यामुळे हंगामात कंबरदुखी घरोघरी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती.

दुखतं कशामुळे?

कमरेत पाच मणके असतात आणि दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. तासन्‌तास वाकून राहिलं की स्नायू आणि गादी दोन्हींवर ताण येतो. १६ लिटरचा फवारणी पंप भरला की नुसत्या पाण्याचंच ओझं १६ किलो होतं. युरियाची गोणी ४५ किलोची. ती कमरेतून वाकून, अंग पिळून उचलली की चमक निघते, उसण भरते. खडबडीत रानात ट्रॅक्टरचे हादरे, वाढलेलं वजन, अपुरी झोप यानेही दुखणं वाढतं.

कंबर दुखली म्हणजे गादी सरकलीच असं नाही. बहुतेक वेळा दुखणं स्नायूंचं असतं आणि काही आठवड्यांत कमी होतं.

विश्रांती किती?

फार दुखत असेल तर एक-दोन दिवस आराम ठीक. त्यापेक्षा जास्त झोपून राहिलं तर स्नायू कमजोर होतात, कंबर आखडते आणि दुखणं लांबतं.

या हालचाली करा

- सपाट रस्त्यावर दिवसातून दोन-तीन वेळा दहा-दहा मिनिटं चाला, हळूहळू वेळ वाढवा.
- उताणं झोपून एक गुडघा छातीकडे ओढा, दहा आकडे मोजा. दोन्ही पाय पाच-पाच वेळा.
- उताणं झोपून गुडघे दुमडा, कंबर वर उचला, पाच आकडे मोजून खाली आणा. दहा वेळा.
- रांगण्याच्या स्थितीत पाठ मांजरासारखी वर फुगवा, मग खाली सोडा. दहा वेळा.
- कामात दर अर्ध्या तासाने उभे राहा, कमरेवर हात ठेवून पाचदा थोडं मागे वाका.

थोडा ताण जाणवला तर चालतं. पण कळ पायात उतरू लागली तर तो व्यायाम थांबवा.

ओझं उचलताना

गुडघ्यात वाका, ओझं अंगाशी धरा. वळायचं तर कंबर पिळू नका, पाय वळवा. गोणी दोघांनी उचला.

दवाखान्यात लगेच कधी जायचं?

लघवी अडली किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद कमी झाली तर त्याच दिवशी जा. झाडावरून किंवा गाडीवरून पडल्यावर दुखणं, सोबत ताप, वजन घटणं, रात्री झोपू न देणारी कळ यातही थांबू नका. अशा वेळी कंबर चोळून किंवा ओढून घेऊ नका. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज खाल्ल्या तर पोट आणि किडनीला धोका असतो.

दुखणं गेलं तरी व्यायाम सोडू नका, नाहीतर पुढच्या हंगामात कंबर पुन्हा धरू शकते.