दट्ट्याची रुंदी आणि वर्गाचा हिशेब

मध्यंतरी एका तालुक्याच्या गावी विज्ञान मंडळाच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो होतो. विषय होता ऊर्जेची रूपांतरे. व्याख्यान संपल्यावर अकरावीतला एक विद्यार्थी जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, शंभर सीसीच्या गाडीला दीडशे सीसीचा ब्लॉक-पिस्टन बसवला, तर गाडी दीडपट पळेल ना?" त्याच्या चेहऱ्यावरून हा प्रश्न केवळ परीक्षेपुरता नाही, हे कळत होते. 'नाही' म्हणून त्याची बोळवण करणे सोपे होते, पण त्याने विचारलेल्या प्रश्नाला साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात शाळेत शिकवण्याजोगे बरेच काही आहे.

प्रथम सीसी म्हणजे काय ते पाहू. इंजिनातील दट्ट्या (पिस्टन) सिलिंडरमध्ये खाली-वर होतो. सिलिंडरच्या आतील व्यासाला बोअर म्हणतात आणि दट्ट्याच्या एका फेरीतील अंतराला स्ट्रोक. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरले की दट्ट्याने व्यापलेली जागा मिळते. ती घनसेंटिमीटरमध्ये, म्हणजेच सीसीमध्ये, सांगतात. व्यास या सूत्रात वर्गाने येतो, तर स्ट्रोक एकाच घाताने. आपली पुढची सारी गोष्ट या वर्गाची आहे.

गॅरेजमध्ये 'बोअर करून घेणे' हा शब्दप्रयोग रोजचा आहे. सिलिंडर झिजला की तो पाव मिलिमीटरने वाढवून गुळगुळीत करतात आणि तेवढाच मोठा पिस्टन व रिंगा घालतात. पन्नास मिलिमीटरच्या सिलिंडरचा व्यास ५०.२५ झाला, तर घनफळ जेमतेम एक टक्क्याने वाढते. ही दुरुस्ती झाली. मूळचा सिलिंडर काढून मुद्दाम बराच रुंद सिलिंडर आणि त्याला साजेसा दट्ट्या बसवणे ही गोष्ट निराळी. अशा सुट्या भागांच्या संचाला 'बिग बोअर किट' म्हणतात.

या किटची मोठी बाजारपेठ उभी राहिली ती जपानच्या होंडा कंपनीच्या लहान इंजिनांभोवती. १९५८ साली होंडाने 'सुपर कब' ही छोटी दुचाकी बाजारात आणली. तिचा बोअर ४० मिलिमीटर आणि स्ट्रोक ३९ मिलिमीटर होता. गणित केले तर घनफळ ४९ सीसी येते. पन्नासला एक कमी का? कारण पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकींसाठी जपानमध्ये परवान्याचा वेगळा, सोपा वर्ग होता. म्हणजे या इंजिनाचा आकार काही अंशी कायद्याने ठरवलेला होता. १९६६ साली त्याची नवी आवृत्ती आली. तिचा कॅमशाफ्ट सिलिंडरच्या डोक्यावर, म्हणजे हेडमध्ये, होता. तिचा बोअर ३९ आणि स्ट्रोक ४१.४ मिलिमीटर होता. घनफळ पुन्हा ४९ सीसीच.

पुढे याच कुटुंबात कंपनीने ७२ सीसीचे इंजिन काढले. त्यात स्ट्रोक तोच, ४१.४ मिलिमीटर ठेवून बोअर फक्त ४७ मिलिमीटर केला होता. व्यासात अवघ्या आठ मिलिमीटरांची वाढ, आणि घनफळ जवळजवळ दीडपट! हौशी लोकांच्या आणि सुटे भाग करणाऱ्यांच्या हे लक्षात न येते तरच नवल. कारखान्याला जे जमले ते घरी पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन का जमू नये, असा त्यांचा विचार. 'मंकी' या होंडाच्या अगदी ठेंगण्या दुचाकीतही हेच ४९ सीसीचे इंजिन होते. तिच्यासाठी ५२ मिलिमीटरचा दट्ट्या असलेली किट निघाली. स्ट्रोक तोच. घनफळ मात्र ८८ सीसी.

५२ भागिले ३९ म्हणजे ४/३. त्याचा वर्ग १६/९, म्हणजे सुमारे १.७८. व्यास एक तृतीयांशाने वाढला आणि घनफळ पावणेदोन पटींहून थोडे जास्त झाले. मात्र हाच वर्ग इंजिनाच्या इतर भागांकडेही आपला हिशेब मागतो.

जळणाऱ्या वायूचा दाब तेवढाच राहिला असे मानले, तरी बल म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. म्हणून कनेक्टिंग रॉड, क्रँकची पिन आणि बेअरिंगे यांच्यावरचे बल १६/९ पट होते. हे भाग जुनेच असतात. ते ४९ सीसीच्या हिशेबाने घडवलेले असतात.

उष्णतेचेही तसेच. पावणेदोन पट मिश्रण जाळले की साधारण त्याच प्रमाणात उष्णता निर्माण होते. पेट्रोलमधील ऊर्जेचा मोठा भाग धुराबरोबर आणि सिलिंडरच्या पाकळ्यांवाटे हवेत जातो, चाकापर्यंत थोडाच पोचतो. पाकळ्यांचे क्षेत्रफळ पावणेदोन पट झालेले नसते. इंजिन तापते, तेल पातळ होते आणि शेवटी दट्ट्या सिलिंडरला धरतो, म्हणजे इंजिन जाम होते.

तिसरी गोष्ट संपीडनाची. समजा, दट्ट्या सर्वांत वर असताना त्याच्या माथ्यावर ६ सीसी जागा उरते. ४९ सीसीच्या इंजिनात संपीडन गुणोत्तर (४९ + ६) ÷ ६, म्हणजे सुमारे ९.२ येईल. माथ्यावरची जागा तेवढीच ठेवून घनफळ ८८ केले, तर ते १५.७ होईल. एवढ्या दाबाखाली साधे पेट्रोल ठिणगीच्या आधी किंवा अवेळी पेट घेते. इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागतात आणि दट्ट्याच्या माथ्याला भोकही पडू शकते. म्हणून विचारपूर्वक केलेल्या किटमध्ये दट्ट्याचा माथा किंवा हेड निराळ्या आकाराचे असते.

चौथी गोष्ट श्वासाची. कार्ब्युरेटर आणि झडपा जुन्याच राहिल्या तर मोठे पोट लहान नाकाने श्वास घेऊ लागते. कमी फेऱ्यांवर चढाला जोर जाणवतो, पण फेऱ्या वाढल्या की इंजिनाला पुरेशी हवा मिळत नाही.

हे सारे आपल्याकडील एका परिचित गाडीच्या आकड्यांतूनही दिसते. मद्रासजवळच्या कारखान्यात तयार होणाऱ्या ३५० सीसी बुलेटचा बोअर ७० आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर होता. त्याच घराण्यातील ५०० सीसी बुलेटचा बोअर ८४ आणि स्ट्रोक तोच, ९० मिलिमीटर. ८४ भागिले ७० म्हणजे १.२, आणि त्याचा वर्ग १.४४. घनफळ ४४ टक्क्यांनी वाढले. शक्ती किती वाढली? जुन्या लोखंडी सिलिंडरच्या भारतीय ३५० सीसी बुलेटची शक्ती १८ अश्वशक्ती सांगितली जाई आणि ५०० सीसीची २२. म्हणजे वाढ सुमारे २२ टक्के, घनफळातील वाढीच्या निम्मी. मोठा दट्ट्या जड असतो, त्याला तितक्या वेगाने खाली-वर नाचवता येत नाही. ३५० ची कमाल शक्ती मिनिटाला ५,६२५ फेऱ्यांवर मिळे, तर ५०० ची ५,४०० वर. आणि हा बदल खुद्द कारखान्याने केला होता.

मग एकट्या माणसाला हे जमतच नाही का? जमते, पण त्याची किंमत पाहायला हवी. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला असलेल्या इन्व्हरकार्गिल गावच्या बर्ट मन्रो यांनी १९२० साली 'इंडियन स्काउट' ही मोटारसायकल घेतली. नावात 'इंडियन' असले तरी तिचा आपल्या देशाशी संबंध नाही. ती अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे तयार होई. तिचे इंजिन ६०० सीसीचे आणि वेग ताशी सुमारे ८८ किलोमीटर होता. मन्रो यांनी आपल्या शेडमध्ये हे इंजिन वाढवत वाढवत ८५० आणि पुढे ९५० सीसीपर्यंत नेले. त्यांनी जुन्या डब्यांचे साचे करून दट्टे ओतले, ट्रॅक्टरच्या आसाच्या पोलादातून कनेक्टिंग रॉड घडवले आणि जुन्या लोखंडी नळांपासून सिलिंडर केले. कितीतरी दट्टे फुटले, रॉड वाकले. मोडलेले भाग त्यांनी शेल्फवर मांडून ठेवले होते आणि 'वेगाच्या देवाला वाहिलेली पूजा' अशा अर्थाची पाटी तिथे लावली होती.

१९६२ साली अमेरिकेतील बॉनेव्हिलच्या मिठागरी मैदानावर त्यांनी ताशी २८८ किलोमीटर वेगाचा विक्रम केला. १९६७ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, ९५० सीसीच्या इंजिनावर त्यांनी ताशी सुमारे २९६ किलोमीटर गाठले. हजार सीसीखालील त्या वर्गातील हा विक्रम होता.

येथे पुन्हा हिशेब मांडू. घनफळ झाले १.६ पट. वेग झाला जवळजवळ ३.४ पट. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. गाडीचा आकार तोच राहिला असता तर सुमारे ३८ पट शक्ती लागली असती. १.६ पट घनफळातून ३८ पट शक्ती निघत नाही. मन्रो यांनी दोन कॅमच्या जागी चार कॅम केले, झडपांची रचना बदलली आणि संपूर्ण गाडीला माशासारखे निमुळते कवच चढवून हवेचा रोध कमी केला. बोअर वाढवणे हा त्यांच्या कामाचा एक तुकडा होता. बाकीच्या तुकड्यांना ४७ वर्षे लागली. शिवाय ते मोकळ्या मैदानावर धावत होते, समोरून एस.टी. येणार नव्हती.

रस्त्यावरचा हिशेब आणखी वेगळा आहे. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर वेगाने गेल्यास वेग ४/३ पट होतो, आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे १६/९ पट. त्या ५२ मिलिमीटरच्या दट्ट्याचेच गुणोत्तर! किटच्या खोक्यात दट्ट्या, रिंगा, गॅस्केट सारे असते, पण ही वाढलेली ऊर्जा शोषणारा ब्रेक मात्र नसतो. कायदाही येथे आड येतो. इंजिनाची घनक्षमता गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेली असते आणि मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करू देत नाही. याच कायद्याने सोळा वर्षे पूर्ण केलेल्या मुलामुलींना फक्त ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी चालवता येते. ४९ सीसीचे ८८ झाले की ती परवानगीही संपते.

शिक्षकांनी जवळच्या गॅरेजमधून दोन वेगवेगळ्या गाड्यांचे टाकाऊ पिस्टन मागून आणावेत. व्हर्निअर कॅलिपरने व्यास मोजावा, स्ट्रोकचा आकडा मेकॅनिककडून घ्यावा आणि सीसी काढायला सांगावे. मग विचारावे की व्यास दीडपट केला तर बल, उष्णता आणि संपीडन यांचे काय होईल. सूत्र तेच आहे, पण हात काळे झाल्यावर ते विसरले जात नाही.

त्या विद्यार्थ्याला आम्ही कागदावर १.४४ आणि १.२२ हे दोन आकडे लिहून दिले. तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, मधले बावीस टक्के गेले कुठे?" त्या दिवशीचा सर्वांत चांगला प्रश्न तोच होता.