जुन्या मालमोटारीचे मळसूत्र

देवालयाचा जीर्णोद्धार करताना जुना चिरा काढून नवा बसवावा लागला, म्हणजे तो कोणत्या खाणीचा असावा, किती जाडीचा असावा, त्याची घडण कशी असावी, हे प्रश्न महाजनांच्या बैठकीत हटकून निघतात. अमेरिकेत जुन्या मालमोटारींचा असाच जीर्णोद्धार करणारा एक मोठा वर्ग आहे. पुढे चालकाची बैठक व मागे उघडा हौदा, अशा ज्या लहान गाडीस तिकडे पिकअप म्हणतात, तिच्यावर या मंडळींची विशेष भक्ती. फोर्ड कंपनीने १९२५ साली कारखान्यातूनच तयार पिकअप विकावयास काढली. शेव्हरोलेची १९४७ ते १९५५ या काळातील पिकअप तर आजही मोठ्या हौसेने नवी करून घेतली जाते. या मंडळींच्या बैठकीतही वाद होतो, पण तो चिऱ्याचा नसून बोल्टाचा असतो. गंजलेला बोल्ट तोडून काढला. आता त्याच्या जागी योग्य बोल्ट कोणता? प्रश्न लोहाराचा वाटतो. आमच्या मते तो इतिहासाचा आहे, आणि शेवटी थोडासा कायद्याचाही.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नव्हे, त्याहूनही आधी, बोल्टाचे आटे ही ज्या त्या कारखानदाराची खाजगी बाब होती. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर चढत नसे. मँचेस्टरचा जोसेफ व्हिटवर्थ याने इंग्लंडातील निरनिराळ्या कारखान्यांतून बोल्ट जमा केले, त्यांची मापे घेतली, आणि १८४१ साली स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे सर्वांसाठी एकच पद्धत मांडली. आट्यांचा कोन ५५ अंश, आट्याचे शिखर व तळ गोलसर. सर्वांची सरासरी काढून तयार झालेला हा तोडगा होता. म्हणूनच तो बहुतेकांस मानवला.

अमेरिकेने तो मानला नाही. २१ एप्रिल १८६४ रोजी, यादवी युद्ध चालू असतानाच, विल्यम सेलर्स याने फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन संस्थेत आपली वेगळी पद्धत वाचून दाखविली. कोन ६० अंशांचा, शिखर सपाट. साठ अंश म्हणजे समभुज त्रिकोणाचा कोन. तो तपासणे सोपे, आणि सपाट शिखर कापावयास गोल शिखराइतके कौशल्य लागत नाही. साधारण कारागिरासही जमेल असे मळसूत्र त्याला हवे होते. १८६८ साली अमेरिकन नौदलाने ते स्वीकारले व मोठ्या रेल्वे कंपन्या मागोमाग आल्या. एका भाषेच्या दोन राष्ट्रांत पाच अंशांचा हा जो भेद पडला, तो पुढे ऐंशी वर्षे टिकला. त्यातली मौज अशी की पाव इंची बोल्टास इंचामागे २० आटे दोन्हीकडे, तीन अष्टमांश इंचीस १६ आटे दोन्हीकडे. पण अर्ध्या इंचीस व्हिटवर्थचे १२ आणि सेलर्सचे १३. म्हणजे वरवर पाहता सारखे दिसणारे दोन बोल्ट आतून परके! दुसऱ्या महायुद्धात पॅकार्ड कंपनी अमेरिकेत रोल्स-रॉईसची विमानी इंजिने बनवू लागली, तेव्हा ब्रिटिश आटे पाडण्याची हत्यारे तिला स्वतःच घडवावी लागली. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी वॉशिंग्टन येथे एकीकृत मळसूत्राचा करार केला. त्यात कोन ठरला ६० अंशांचाच. त्यामुळे १९४७ च्या अमेरिकन पिकअपला आजचा त्या मापाचा इंची नट बसतो. जुन्या ब्रिटिश गाडीच्या मालकाच्या नशिबी मात्र वणवण आली. त्याचा पानासुद्धा वेगळा. व्हिटवर्थच्या पान्यावर बोल्टाच्या दांड्याची जाडी कोरलेली असते, अमेरिकन पान्यावर डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधील अंतर.

आपल्याकडे हे सर्व पंथ एकाच मिस्त्रीच्या पेटीत नांदले. रेल्वेबरोबर व्हिटवर्थ आलाच होता. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईस शिवडी येथे शेव्हरोले गाड्या जोडावयास आरंभ केला. वालचंद हिराचंद यांच्या, १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यास क्रायस्लरच्या परवान्याने डॉज व फार्गो मालमोटारी बांधल्या, आणि महिंद्र कंपनीने १९४७ पासून विलीज जीप जोडल्या. ही सर्व अमेरिकन इंची आट्यांची प्रजा. १९५४ साली टाटांनी मर्सिडीज-बेंझची मालमोटार आणली, ती जर्मन, म्हणजे मिलिमीटरची. आणि १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने देशाने दशमान पद्धतीचाच मार्ग धरला. पाच सोळांश इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, आठ मिलिमीटरचा नट त्यावर एक-दोन आटे गोडीने चढतो, मग अडतो. येथे पुढे जोर लावणारा मनुष्य दोन्ही वस्तू गमावतो. जुन्या जीपच्या व डॉजच्या डाव्या चाकांचे नट तर उलट्या आट्यांचे असत, चाक फिरताना ते सैल होऊ नयेत म्हणून. नेहमीच्या दिशेने पाना फिरवीत राहिल्यास नट निघत नाही, बोल्टच तुटतो.

आटे जुळले तरी बोल्ट योग्य ठरला असे नाही. त्याच्या डोक्यावर त्याचे बल लिहिलेले असते. अमेरिकन पद्धतीत डोके कोरे म्हणजे सामान्य पोलाद. तीन रेघा म्हणजे पाचवी प्रत, ताणास दर चौरस इंची १,२०,००० पौंड टिकणारी. सहा रेघा म्हणजे आठवी, १,५०,००० पौंडांची. १९८० च्या दशकात अमेरिकेत असे उघडकीस आले की सहा रेघांचे कित्येक बोल्ट मुळात आठव्या प्रतीचे नव्हतेच. वेगळ्या पोलादावर त्या रेघा उमटविल्या होत्या, आणि ते पोलाद उष्णतेत लवकर बल गमावी. प्रतिनिधिगृहाच्या समितीने चौकशी केली व १६ नोव्हेंबर १९९० रोजी बोल्टांच्या गुणवत्तेचा स्वतंत्र कायदा झाला. वकिलाच्या दृष्टीने हा कायदा फार बोलका आहे. बोल्टाचे डोके हा एक दस्तऐवज, त्यावरील रेघा हे विधान, आणि विधान करणाऱ्याने आपली ओळखीची खूणही तेथेच उमटविली पाहिजे, असा त्याचा आशय.

मात्र कायदा विचारतो ते एवढेच, की हा बोल्ट कोणी केला व त्याचे बल किती. तो कोणत्या काळचा, हे कायदा विचारीत नाही. ते जीर्णोद्धार करणारा विचारतो. दुसऱ्या महायुद्धात फोर्डने विलीजच्या नमुन्यावर जीप बांधल्या, आणि आपल्या भागांवर, बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा, वळणदार एफ अक्षर उमटविले. हे एफचे बोल्ट शोधीत लोक भंगाराचे ढीग उपसतात. मागणी झाली तसे नवे एफचे बोल्टही घडविले जाऊ लागले. ही लबाडी म्हणावी काय? आमचे मत असे की, नक्कल म्हणून दिलेली नक्कल हा गुन्हा नव्हे. आमच्या कचेऱ्या तशा नकलांवरच चालतात. ती मूळ म्हणून पुढे केली की खोटा दस्तऐवज होतो.

रूप व बल यांचा तंटा पडला तर आम्ही जागा पाहून निवाडा करू. सुकाणू, ब्रेक, चाके, कमानी येथे जीव टांगलेला असतो. तेथे विश्वासू कारखान्याचा, खरी खूण असलेला नवाच बोल्ट हवा, मग डोके विसंगत दिसले तरी चालेल. हौद्याच्या लाकडी फळ्यांना व त्यांच्यामधील पोलादी पट्ट्यांना मात्र गोल डोक्याचा, चौकोनी मानेचा जुन्या घडणीचाच बोल्ट शोभतो. तेथे सहा रेघांचे षट्कोनी डोके बसविणे म्हणजे काळ्या पाषाणाच्या गाभाऱ्यात न्हाणीघराची चकचकीत फरशी घालण्यासारखे आहे, आणि तसले गाभारे आपण पाहिलेले आहेत. काढलेले बोल्ट डब्यात घालून, कोणत्या जागेचे ते चिठ्ठीवर लिहून ठेवावे. मोडका असला तरी त्याचे आटे मोजता येतात. आणि गाडी पुढे विकावयाची झाल्यास किती भाग मूळचे, किती बदललेले, किती नकलेचे, याची यादी खरेदीखतास जोडावी.