तारीखवार टिपण

गेल्या वर्षी नवरात्र उरकता उरकता माझी भाची मुलुंडला आमच्याकडे आली, ती एक फुगलेली कापडी पिशवी घेऊन. चार दिवसांनी घटस्फोटाच्या कामासाठी तिला वकीलबाईंची पहिली भेट घ्यायची होती. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. तेव्हा कागद लावण्याचे काम माझ्याकडे यावे हे ओघानेच आले.

पिशवीतून लग्नाचा नोंदणी-दाखला निघाला, दोघांच्या पगाराचे कागद, बँकेचे उतारे, मुलीचा जन्मदाखला, आजीच्या पाटल्यांची सराफाने दिलेली पिवळी पडलेली पावती आणि लग्नपत्रिका. पत्रिका कशाला, मी विचारले. लग्न लागल्याचा पुरावा म्हणून, ती म्हणाली. सासर ठाण्याचे असले तरी ती आता आईजवळ मुलुंडला राहते. २००३ च्या दुरुस्तीपासून बायकोला आपल्या राहत्या ठिकाणी अर्ज करता येतो, म्हणून चेकनाक्यापलीकडचे कोर्ट टळून वांद्र्याचे कुटुंब न्यायालय आले. ते १९८९ सालचे. मौज अशी की, तिथे वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नव्हे. न्यायालयाची परवानगी लागते.

वकीलबाईंनी फोनवर एकच बजावले होते : घडले ते तारीखवार लिहून आणा, विशेषणे नकोत.

त्या ‘तारीखवार’वरून मला रखमाबाई आठवल्या. जन्म १८६४, मुंबईचा. वडील लहानपणीच गेले. जात सुताराची, पुनर्विवाहाची चाल होती, म्हणून आईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरे लग्न केले. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लागले, पण त्या माहेरीच राहिल्या आणि शिकत राहिल्या. १८८४ साली दादाजींनी बायको नांदायला यावी म्हणून हायकोर्टात दावा लावला. बाईंच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. नवरा निर्धन आहे, आजारी आहे आणि हे लग्न माझ्या संमतीवाचून झाले, हे त्यांचे म्हणणे. आज यातले कुठले कलमात बसते, कुठले नाही, ते वकील सांगेल. त्या काळी बसवायला कलमच नव्हते. कित्येक जातींत पंचांपुढे काडीमोड होत असे, पण इंग्रजी कोर्टात हिंदू बाईने जाऊन घटस्फोट मागावा असा कायदाच नव्हता.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्या. पिन्हे यांनी दावा फेटाळला. जो संसार सुरूच झाला नाही तो पुन्हा सुरू कसा करायचा, हा त्यांचा रोकडा मुद्दा. गावभर गहजब झाला; टिळकांचा ‘केसरी’ बाईंच्या विरुद्ध गेला. १८८६ मध्ये अपिलात निकाल फिरला आणि ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी हुकूम दिला : महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. बाईंनी कैद पत्करली. प्रत्यक्षात तुरुंगात जावे लागले नाही. १८८८ च्या जुलैत दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत-राजकोटला आयुष्य वेचले. लग्न मात्र कायद्याने मोडलेच नाही. १९०४ मध्ये दादाजी वारले तेव्हा त्यांनी विधवेचे पांढरे लुगडे नेसले, असे सांगतात.

मुंबई इलाख्यात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ साली झाला. साऱ्या देशासाठी हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ ला लागू झाला. रखमाबाई त्याच वर्षी २५ सप्टेंबरला गेल्या. संमतीने काडीमोड घ्यायची सोय तर १९७६ ची. आणि नांदायला चला म्हणण्याचा दावा? तो १९५५ च्या कायद्यातही नवव्या कलमात आहेच. त्यातली कैद मात्र १९२३ मध्ये गेली.

असो. भाची लिहीत होती. मधेच थांबून म्हणाली, “मामा, दोन वर्षांपूर्वीची जूनमधली ती तारीख कोणती हो?”

“कुठली?”

“तुम्ही मला ठाण्याला पोचवलंत ती.”

ती तेव्हा एका नेसत्या कपड्यानिशी आली होती. मी आणि माझ्या बहिणीने भांड्याला भांडे लागायचेच म्हणून सांगितले, आणि त्याच संध्याकाळी रिक्षाने मी तिला परत नेऊन घातली. फॅरनसाहेबांनी महिन्याची मुदत दिली होती; मी रात्रभराचीही दिली नव्हती.

“ते कशाला लिहायचं?” मी म्हटले.

“परत गेली म्हणजे झालं-गेलं माफ केलं, असं समोरचा वकील म्हणू शकतो. म्हणून कोणी नेलं ते लिहायचं.”

मी जुनी डायरी काढली. त्या तारखेखाली माझ्याच अक्षरात होते : ठाणे. रिक्षा १२० रुपये. पाऊस. मी तिच्या कागदावर तारीख घातली आणि पुढे लिहिले, ‘मामांनी समजूत घालून सासरी पोचवले.’ तिने वाचले, पेन घेतले आणि ‘समजूत घालून’ एवढे खोडले.

“विशेषणं नकोत म्हणाल्यात ना,” ती म्हणाली, आणि पुढची तारीख लिहू लागली.