डेलिया चौदा वर्षांची होती

शुक्रवारी रात्री रिलीज होता. ज्यांनी रिलीजची रात्र काढली आहे त्यांना सांगायला नको, की त्यातला बराचसा वेळ नुसतं बसून राहायचं असतं. डेटाबेसचं मायग्रेशन चालू आहे, स्क्रीनवरचा आकडा हलत नाहीये, कॅन्टीन बंद. अशा वेळी मी हेडफोन लावतो आणि समोर येईल ते ऐकतो. त्या रात्री 'ट्रू डिटेक्टिव्ह'च्या पहिल्या सीझनचं (२०१४) टायटल साँग लागलं. 'फार फ्रॉम एनी रोड'. खर्जातला पुरुषी आवाज, सोबत एक थंड बायकी आवाज, वाळवंट आणि काहीतरी वाईट घडणार असल्याची जाणीव. सिरियल पाहताना नुसतं आवडलं होतं. आता शोधलं. हॅन्डसम फॅमिली नावाचं नवरा-बायकोचं जोडपं, ब्रेट आणि रेनी स्पार्क्स. शब्द बायकोचे, चाल नवऱ्याची. गाणं २००३ च्या अल्बममधलं. आणि खाली प्रकार लिहिलेला : गॉथिक कंट्री.

आता कंट्री म्हटलं की आपल्या डोक्यात काय येतं? काउबॉय हॅट, ट्रक, बिअर आणि घराकडे नेणारे रस्ते. हे गॉथिक प्रकरण काय म्हणून मी सुटलो. पुढचे चार वीकेंड यात गेले. बायको म्हणाली, घरात सारखं कुणीतरी मेल्यासारखं वाटतंय. चूक नव्हती तिची.

सुरुवात करायची तर डेन्व्हरपासून करा. सिक्स्टीन हॉर्सपॉवर नावाचा बँड होता, २००५ मध्ये मोडला. त्यांचा गायक डेव्हिड युजीन एडवर्ड्स हा धर्मोपदेशकाचा नातू, आणि ते ऐकू येतं. हा माणूस गात नाही, कोपऱ्यात घेऊन प्रवचन झोडतो. बँजो आणि बँडोनियन इतके भयाण वाजू शकतात हे मला 'सॅकक्लॉथ अँड अ‍ॅशेस' ऐकेपर्यंत माहीत नव्हतं. त्याच गावचा स्लिम सेस्नाज ऑटो क्लब जरा चावट आहे, थोडा दिलासा मिळतो. मग १९९६ चा निक केव्हचा 'मर्डर बॅलड्स'. केव्ह ऑस्ट्रेलियन, कंट्रीवाला म्हणावा असा नाहीच, पण या वाटेवर लागतोच.

तर मी समजून चाललो होतो, की नव्वदीतल्या काळे कपडे घालणाऱ्या पोरांनी कंट्री संगीताला काळा रंग फासला. बरोब्बर उलटं निघालं. काळा रंग मूळचा होता. मधल्या लोकांनी त्यावर पांढरा मारला.

१९२७ च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर नावाचा माणूस व्हिक्टर कंपनीचं रेकॉर्डिंगचं सामान घेऊन ब्रिस्टलला गेला. हे गाव टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवर अर्धं अर्धं वाटलेलं. तिथं जे रेकॉर्डिंग झालं त्यातून कार्टर फॅमिली आणि जिमी रॉजर्स जगापुढे आले, म्हणून त्याला कंट्री संगीताचा जन्म म्हणतात. पण अ‍ॅपलाचियाच्या डोंगरातले लोक त्या काळात जे रेकॉर्ड करत होते त्यात काय होतं? प्रेम, येशू, मृत्यू. आणि खून. भरपूर खून. ही परंपरा इंग्लंड-स्कॉटलंडहून आलेली. तिकडे अठराव्या शतकात फाशीच्या वेळी गुन्ह्याची गोष्ट गाण्यात बांधून, एका कागदावर छापून पेनीला विकत. आपल्याकडच्या रात्री अकराच्या क्राइम बुलेटिनसारखंच, फक्त यमकात. असंच एक बर्कशायरचं गाणं समुद्र ओलांडून टेनेसीत आलं आणि 'नॉक्सव्हिल गर्ल' झालं. ल्युव्हिन बंधूंनी ते १९५६ मध्ये इतक्या गोड आवाजात गायलंय, की काय चाललंय हे कळायला दुसऱ्यांदा ऐकावं लागतं. (याच बंधूंच्या 'सेटन इज रिअल'चं कव्हर बघाच. दगडाच्या खाणीत प्लायवूडचा उंचच उंच सैतान, मागे जळते टायर आणि पुढे पांढऱ्या सुटात हे दोघं. फोटोशॉप नव्हतं हो, खरंच पेटवलं होतं.)

पुढे नॅशव्हिलच्या स्टुडिओंनी व्हायोलिनं आणि कोरस घालून हे सगळं ड्रॉइंग रूममध्ये ऐकण्याजोगं केलं. तो भाग मला कंटाळवाणा वाटतो, सोडून देतो.

खरी गंमत, म्हणजे गंमत नाही, पण मला जिथं थांबावं लागलं ती जागा वेगळीच. ही गाणी बरीचशी खरी आहेत.

टॉम डूली घ्या. खरं नाव टॉम ड्यूला. नॉर्थ कॅरोलायनाच्या विल्क्स काउंटीतला, यादवी युद्धातून परतलेला तरुण. १८६६ मध्ये लॉरा फॉस्टर नावाच्या मुलीचा भोसकून खून झाला. टॉमला शेजारच्या टेनेसीतून पकडून आणलं. त्याची बाजू लढवायला राज्याचा माजी गव्हर्नर झेब्युलन व्हान्स उभा राहिला. तरीही १ मे १८६८ ला स्टेट्सव्हिलला फाशी झाली. लॉराची चुलतबहीण अ‍ॅन मेल्टन हीसुद्धा आरोपी होती, ती सुटली. कुणी मारलं यावर तिकडे अजून वाद घालतात लोक.

१९२९ मध्ये ग्रेसन आणि व्हिटर या जोडीनं हे गाणं रेकॉर्ड केलं. यातला ग्रेसन हा टॉमला पकडून देणाऱ्याच्या घराण्यातला! मग १९५८ मध्ये किंग्स्टन ट्रिओ या कॅलिफोर्नियाच्या गुळगुळीत पोरांनी ते गायलं आणि अमेरिकेत पहिल्या नंबरवर नेलं. ग्रॅमी सुरू झाल्यावर कंट्रीचं पहिलंवहिलं ग्रॅमी याच गाण्याला. टाळ्या वाजवत, सगळ्यांनी मिळून म्हणायचं गाणं झालं ते. त्यात टॉमचं नाव पुन्हा पुन्हा येतं. लॉराचं एकदाही नाही.

आणि मग डेलिया.

जॉनी कॅश १९९४ मध्ये ६२ वर्षांचा होता आणि नॅशव्हिलनं त्याला जवळजवळ अडगळीत टाकलं होतं. रिक रुबिन या रॅप आणि मेटल करणाऱ्या प्रोड्युसरनं त्याला एक गिटार देऊन बसवलं. 'अमेरिकन रेकॉर्डिंग्ज' या अल्बमचं पहिलंच गाणं 'डेलियाज गॉन'. खुनी स्वतः सांगतो, की ती वाईट चालीची होती, म्हणून खुर्चीला बांधून गोळ्या घातल्या. दोन-तीन आठवडे हे गाणं मी गाडीत लूपवर ऐकलं, स्टिअरिंगवर ताल धरून. व्हिडिओत डेलिया झालीय सुपरमॉडेल केट मॉस.

खरी डेलिया ग्रीन जॉर्जियातल्या सव्हाना शहरातली कृष्णवर्णीय मुलगी. १९०० च्या नाताळच्या आदल्या रात्री एका घरात भांडण झालं आणि मोझेस ह्यूस्टन नावाच्या, जवळपास तिच्याच वयाच्या मुलानं तिला गोळी घातली. नाताळच्या दिवशी ती गेली. वय चौदा. त्याला जन्मठेप झाली, बारा-तेरा वर्षांनी सुटला. गाणं मात्र फिरत राहिलं. ब्लाइंड विली मॅकटेलनं गायलं, बहामा बेटांवर जाऊन कॅलिप्सो होऊन परत आलं, बॉब डिलननं गायलं, आणि दर मुक्कामाला डेलिया थोडी मोठी, थोडी जास्त 'तसली' होत गेली. नाव राहिलं, वय गेलं, रंगही गेला. हे सगळं कोर्टाच्या जुन्या कागदांत खणून काढणाऱ्यांपैकी एक जॉन गार्स्ट, जॉर्जिया विद्यापीठात केमिस्ट्रीचा प्रोफेसर! छंद असावा तर असा.

माझी भाची चौदा वर्षांची आहे. दहावीच्या क्लासला आत्ताच नाव घातलंय. ते वाचलं त्या रात्री मी लॅपटॉप बंद केला आणि बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो. जे मी 'काय भारी डार्क आहे यार' म्हणून मित्रांना फॉरवर्ड करत होतो, ते कुणाच्यातरी घरातलं होतं.

म्हणजे ऐकायचं बंद केलं का? नाही. कॅशचा आवाज अजूनही तितकाच जबरदस्त आहे, ते खोटं कसं सांगू. पण आता शेजारी दुसरी गाणीही ठेवतो. जिलियन वेल्चचं 'केलेब मेयर' (१९९८) ऐका. तीच जुनी डोंगरातली धाटणी, पण बोलणारी बाई आहे, आणि अंगावर आलेल्या माणसाचं ती काय करते ते तीच सांगते. डिक्सी चिक्सचं (२०२० पासून नुसतं 'द चिक्स') 'गुडबाय अर्ल' तर चक्क विनोदी आहे : मारकुट्या नवऱ्याला दोन मैत्रिणी संपवतात. २००० मध्ये काही रेडिओ स्टेशनांनी ते वाजवायला नकार दिला. इतकी वर्षं नदीत मुली बुडवणारी गाणी चालली होती, तेव्हा कुणाला काही वाटलं नव्हतं. असो.

डेलियाची कबर सव्हानाच्या लॉरेल ग्रोव्ह दफनभूमीत आहे. एकशे वीस वर्षं तिच्यावर दगड नव्हता. २०२० मध्ये बसवला.

मागच्या रविवारी भाची गाडीत होती. शफलवर नेमकं तेच गाणं लागलं आणि मी घाईघाईनं पुढचं लावलं. "मामा, चांगलं होतं की ते," म्हणाली. मग विद्यापीठ चौकाच्या सिग्नलला मी तिला डेलियाची गोष्ट सांगितली. सिग्नल मोठा आहे तिथला, बऱ्यापैकी सांगून झाली.