शेतातून वीजवाहिनी जाताना जमीनमालकाचे हक्क

शेतात अतिउच्चदाब वाहिनीचा टॉवर उभा राहिला की जमीन कंपनीची झाली, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते. भारतीय तार अधिनियम, १८८५ च्या कलम १० नुसार कंपनीला केवळ वापराचा हक्क मिळतो. काम करताना कमीत कमी नुकसान करणे आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई देणे तिच्यावर बंधनकारक आहे. वीज कायदा, २००३ च्या कलम १६४ नुसार सरकार हे अधिकार पारेषण कंपनीला देऊ शकते.

असे अधिकार असलेल्या कंपनीला मालकाची पूर्वसंमती लागत नाही. शेतकऱ्याने काम अडवल्यास ती कलम १६ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडून परवानगी मिळवू शकते. त्यामुळे भरपाई योग्य मिळावी यावर भर द्यावा.

भरपाई कशाची?

- पीक व झाडे : पायाखोदाई, टॉवर उभारणी व तारा ओढताना झालेले नुकसान.
- जमिनीचे घटलेले मूल्य : केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरखालील जागेसाठी जमीनमूल्याच्या २०० टक्के, तर तारांखालील पट्ट्यासाठी ३० टक्के मोबदला सुचवला आहे. प्रत्यक्ष दर राज्य शासन ठरवते. त्यामुळे लागू असलेला शासन निर्णय प्रांत कार्यालयात पाहावा.

काम सुरू होण्यापूर्वी

१. सातबारावर पीक, फळझाडे व विहिरीची नोंद अद्ययावत आहे का, ते तपासा.
२. उभे पीक, झाडे, बांध व ठिबकच्या नळ्यांचे तारखेसह फोटो काढा.
३. पंचनाम्यात झाडांची संख्या, वय व बाधित क्षेत्र लिहून घ्या. कोऱ्या कागदावर सही करू नका. प्रत मागून घ्या.
४. रक्कम अपुरी वाटल्यास ‘हरकत राखून’ असे लिहूनच सही करा.

रकमेबाबत वाद असल्यास कलम १६(३) नुसार जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. जमिनीचे स्थान, वाहिनीचे अंतर आणि जमिनीवरील तिची व्याप्ती विचारात घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये केरळ राज्य वीज मंडळाच्या प्रकरणात सांगितले आहे.

नंतरची काळजी

तारांखाली सोयाबीन, हरभरा, भाजीपाला घेता येतो. आंबा, साग यांसारखी उंच झाडे आणि बांधकाम मात्र टाळावे. उसाचे पाचट तारांखाली जाळू नये.