बाळाच्या कानाची परीक्षा

बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानात ‘कुर्र’ करते आणि नाव सांगते. बाळाने ते ऐकले, असे सारे घर गृहीत धरते. पुढे कधी शंका आलीच, तर आजी ताट आणि पळी घेऊन पाळण्यामागे उभी राहते. ताट दणाणले, बाळ दचकले, की घर निर्धास्त! दिवाळीत हेच काम फटाका करतो. या घरगुती परीक्षेने किती मुलांचा घात केला असेल, हा विचार ही हकीकत जमवताना मला सतत छळत होता. हजारांत एक ते तीन मुले लक्षणीय बहिरेपण घेऊनच जन्माला येतात. तीही रडतात, हसतात, पहिले काही महिने इतरांसारखेच हुंकार देतात. बोल फुटायचे दिवस टळून जातात. ‘याचा मामाही उशिराच बोलला’ अशी समजूत घातली जाते, आणि भाषा शिकण्याची मोलाची वर्षे हातची निघून जातात.

ताट फसवते ते असे. त्याचा हादरा पाळण्याला बसतो, हाताची हालचाल डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसते. शिवाय बहिरेपणाला पायऱ्या असतात. फटाक्याला दचकणाऱ्या मुलाला आईचे साधे बोलणे ऐकू येत नसेल. ढोलाचा घुमारा कळणाऱ्याला ‘स’ आणि ‘श’ कधीच ऐकू आले नसतील. म्हणून खरी परीक्षा हळू आवाजाची.

हे शास्त्रशुद्ध रीतीने मांडले मँचेस्टर विद्यापीठातील आयरीन आणि अलेक्झांडर यूइंग या दांपत्याने. बहिऱ्या मुलांचे शिक्षण हेच दोघांचे जीवितकार्य. महायुद्ध चालू असताना, १९४४ साली, त्यांनी तान्ह्या मुलांचे बहिरेपण ओळखण्याविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांची साधने पाहून मला मौज वाटते: कपाच्या कडेवर फिरवलेला चमचा, चुरगळलेला पातळ कागद, खुळखुळा आणि माणसाचा हलका आवाज! बाळ आईच्या मांडीवर बसते. समोरची बाई खेळणे दाखवून त्याचे लक्ष वेधते आणि मग खेळणे झाकते. त्याच क्षणी मागे, बाळाला दिसणार नाही अशा जागी, दुसरी बाई कानाच्या पातळीवर हळूच आवाज करते. बाळाने मान वळवली तर कान जागा आहे. सावली पडता कामा नये, कपड्याची सळसळ होता कामा नये. इंग्लंडात घरोघर जाणाऱ्या आरोग्य-परिचारिकांना ही रीत शिकवली गेली आणि ती अनेक दशके चालली.

तिची एक अडचण होती. बाळ बसू लागून मान वळवीपर्यंत, म्हणजे सहा-सात महिने, थांबावे लागे. अमेरिकेत डेन्व्हर येथे मॅरियन डाऊन्स या बाईंनी १९६३-६४ च्या सुमारास थेट नवजात बालकांकडे मोर्चा वळवला. झोपलेल्या बाळापाशी एका उपकरणाने मोठा आवाज करायचा आणि पापणी हलते का, अंग दचकते का, ते पाहायचे. हजारो बालके तपासली गेली. परंतु झोपेतले बाळ आपणहूनही हलते. एकाला ‘दचकले’ वाटे, दुसऱ्याला नाही. बाईंच्याच खटपटीने १९६९ साली नेमलेल्या तज्ज्ञ-समितीने, ही रीत सरसकट वापरण्याइतकी भरवशाची नाही, असा निर्वाळा दिला. बाईंनी मात्र हाय खाल्ली नाही.

उत्तर आले लंडनहून. १९७८ साली डेव्हिड केम्प यांनी दाखवून दिले की निरोगी कान आवाज नुसता घेत नाही, परतही देतो. कानात ‘टक्’ असा बारीक ध्वनी सोडला, की आतल्या शंखाकृती भागातील केशपेशी हालतात आणि काही सहस्रांश सेकंदांत त्याचा क्षीण पडसाद बाहेर येतो. आता मऊ टोकाची इवलीशी नळी झोपलेल्या बाळाच्या कानात ठेवली, की यंत्र तो पडसाद टिपते. बाळाने मान वळवायला नको, पाहणाऱ्याने तर्क करायला नको. पहिल्या दिवशी कानात ओल असल्यास पडसाद येत नाही, म्हणून परीक्षा पुन्हा करतात. केशपेशींच्या पलीकडची, श्रवणमज्जातंतूची परीक्षा कपाळावर व कानामागे तारा चिकटवून निराळी करावी लागते.

एवढी घाई कशाला, असे कोणी विचारील. डाऊन्सबाईंच्याच कोलोरॅडो राज्यात क्रिस्टीन योशिनागा-इतानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली त्याचे उत्तर दिले. सहा महिन्यांच्या आत ज्यांचे बहिरेपण कळले आणि ज्यांना लगेच मदत मिळाली, ती मुले भाषेत उशिरा कळलेल्यांच्या पुढे गेली. म्हणून आज दंडक असा: पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार व शिक्षण. इंग्लंडने २००१ ते २००६ या काळात सर्व नवजात बालकांसाठी यंत्राची चाचणी लागू केली आणि चमचा-कपाला सन्मानाने निरोप दिला.

आपल्याकडे मुंबईत, वांद्रे येथे, १९८३ साली अली यावर जंग यांच्या नावाने राष्ट्रीय संस्था निघाली. २००६-०७ साली केंद्र सरकारने बहिरेपणा-प्रतिबंधाचा कार्यक्रम हाती घेतला. तरीही प्रत्येक प्रसूतिगृहात ही चाचणी आपोआप होतेच असे नाही; ती मागून घ्यावी लागते. चाचणी उत्तम झाली असली, तरी काही मुलांचे ऐकणे नंतर मंदावते. अशा वेळी ‘याला ऐकू येत नाही असे मला वाटते’ हे आईचे वाक्य कोणी हसण्यावारी नेऊ नये. दिवसरात्र त्या बाळाशी बोलणारी तीच असते. उत्तर येत नाही, हे पहिल्याने तिलाच कळते.